बाळ गोड आहे, पण शिकतंय का?

मैत्रिणींनो, डाउन सिंड्रोम असलेल्या लेकराबद्दल गावात एक बोलणं ठरलेलं असतं. 'किती गोड आहे हो, कुणाला त्रास नाही, सदा हसतंय.' म्हणणारीचा हेतू चांगलाच असतो. पण या कौतुकापायी त्या लेकराचं शिकणं मागं राहतं.

आधी थोडी माहिती. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. या मुलांत बहुतेक वेळा २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्तीचं, म्हणजे एकूण ४७. आईनं ग्रहण पाळलं नाही, काही खाल्लं, कुणाची नजर लागली, यातलं काहीएक कारण नसतं. चालणं, बोलणं, शिकणं उशिरा होतं. उशिरा, पण होतं.

आता स्वभावाचं. अमेरिकेत थॉमस आणि चेस या डॉक्टर नवराबायकोनं १९५६ पासून कित्येक वर्षं मुलांच्या स्वभावाचा अभ्यास केला. कुणी नव्या गोष्टीला लगेच हात घालतं, कुणी आईच्या पदराआडून बघत बघत पुढं येतं, कुणी जरा बदल झाला की गोंधळ घालतं. शिकवायची रीत त्या स्वभावाला जुळते का, हे बघायचं, असं त्यांचं म्हणणं. डाउन सिंड्रोमची मुलंही अशीच नाना तऱ्हेची असतात. सगळी शांत आणि हसरी, हे खरं नाही.

गोड, लाघवी लेकरू घ्या. तुम्ही त्याला सांगितलं, कांदे या टोपलीत, बटाटे त्या टोपलीत. दोन टाकले की ते तुमच्या गळ्यात पडतं, टाळ्या वाजवतं, नाचून दाखवतं. घरातले सगळे हसतात आणि टोपल्या तिथंच राहतात. अवघड काम टाळायची ही त्याची युक्ती असते बरं का! अभ्यासकांनीही हे टिपलंय. तुम्ही हसा, पापा घ्या, आणि त्याचा हात परत कांद्यावर न्या. काम मात्र एवढंसंच द्या, चार कांदे पुरेत, पण ते पुरं होऊ द्या.

दुसरं लेकरू जमिनीवर फतकल मारून बसतं, उठत नाही. त्याला हट्टी म्हणून धपाटा मिळतो. थांबा. या मुलांच्या कानात पडद्यामागं पाणी साठून ऐकू कमी येणं फार आढळतं. थायरॉइड कमी असलं तर मूल सुस्त होतं. नजरही अधू असू शकते. म्हणून कान, डोळे आणि थायरॉइडची तपासणी दरवर्षी करायचीच. या मुलांना ऐकलेल्यापेक्षा बघितलेलं लवकर कळतं, तेव्हा 'चल अंघोळीला' म्हणताना हातात तांब्या द्या. एकदा सांगितलं की मनात दहा आकडे मोजा, मगच पुन्हा सांगा. त्याला उठायला वेळ लागतो, आपल्याला तेवढा दम नसतो.

बुजरं असेल तर अंगणवाडीत पहिल्याच दिवशी सोडून येऊ नका. चार दिवस कोपऱ्यात त्याच्याजवळ बसा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना लेकरू जरूर दाखवा. लपवू नका. ते पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथं उपचार मोफत असतात. राहिलं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. गटाचं अंतर्गत कर्ज शेळीला देतो तसं यालाही द्यावं, असं आमचं मत आहे.

आणि बैठकीत असं लेकरू आलं की नुसतं मांडीवर घेऊन बिस्कीट देऊ नका. हजेरीचं रजिस्टर त्याच्या हातात द्या आणि अध्यक्षाताईंकडं बोट दाखवा. वाटेत ते दोघीतिघींच्या गळ्यात पडेल. पडू दे. रजिस्टर पोचल्याशिवाय बैठक सुरू करू नका.