खुर्ची, साचा आणि करार : मोटार उद्योगातील माणसांची आणि तंत्रज्ञानाची खरेदी

मोटार कंपनीच्या वार्षिक अहवालात नव्या यंत्रसामग्रीवरील भांडवली खर्च आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन ही दोन वेगळ्या पानांवरची माहिती असते, आणि भागधारकही ती बहुधा वेगवेगळी वाचतात; पण पुणे, नाशिक आणि चाकण या महाराष्ट्रातील मोटारनिर्मितीच्या पट्ट्याचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर कोणते तंत्रज्ञान घ्यायचे आणि ते कोणाच्या हाती द्यायचे हा मुळात एकच निर्णय होता असे दिसते. ज्या कंपन्यांनी या निर्णयाचे दोन तुकडे केले, त्यांना आधी माणूस आणि मग काम, किंवा आधी पैसा आणि मग माणूस अशी उलटसुलट धावपळ करावी लागली.

टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची मूळ कंपनी, १९४५ साली जमशेदपूरला रेल्वे इंजिने बनवण्यासाठी निघाली. सुमंत मुळगावकर १९४९मध्ये तिथे आले ते सिमेंट उद्योगातून, असोसिएटेड सिमेंट कंपनीतून. मोटारींचा अनुभव नसलेल्या अभियंत्याची ही निवड पुढे निर्णायक ठरली, कारण १९५४मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी मालमोटारींसाठी पंधरा वर्षांचा सहकार्य करार झाला, तेव्हा करार संपल्यावर काय, हा प्रश्न मुळगावकरांनी करार चालू असतानाच हाती घेतला. १९६६मध्ये अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभे राहिले आणि त्याच सुमारास पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला नव्या प्रकल्पाचे काम सुरू झाले. या प्रकल्पात आधी गाड्या नव्हे, तर गाड्या घडवण्यासाठी लागणारी यंत्रे, साचे आणि ती हाताळणारे कारागीर तयार करण्यावर भर होता. साचा म्हणजे पत्र्याला दाबून दरवाजा किंवा बॉनेटचा आकार देणारा पोलादी ठोकळा, आणि ज्याच्याकडे स्वतःचे साचे बनवणारा कारखाना नाही त्याला प्रत्येक नव्या मॉडेलसाठी परदेशी दारात उभे राहावे लागते. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. म्हणजे अकरा वर्षे ही गुंतवणूक मुख्यतः माणसांत आणि हत्यारांत मुरत राहिली. आजच्या तिमाही निकालांच्या जमान्यात एवढी उसंत कोणते संचालक मंडळ देईल, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे.

त्या शिदोरीवर डिसेंबर १९९८मध्ये इंडिका ही मोटार बाजारात आली. सुमारे १७०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात बाह्यरूपाच्या आखणीसाठी इटलीतील तुरिनच्या संस्थेची मदत घेतली गेली, आणि निसानचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजाने पुण्याला आणला गेला. यंत्रे जुनी होती, मात्र ती पुन्हा जोडून चालवणारे हात टेल्कोने स्वतः घडवलेले होते. २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला तरी सुधारित इंडिकाने पुढे बाजार मिळवला, यामागे हे घरचे कौशल्य होते.

महिंद्राची वाट वेगळी होती. १९४७पासून विलीज जीप जोडण्याच्या व्यवसायात असलेल्या या कंपनीकडे भक्कम, खडबडीत गाड्या होत्या, पण संपूर्ण नवी गाडी कागदापासून रस्त्यापर्यंत नेण्याचा अनुभव नव्हता. १९९३मध्ये कंपनीने पवन गोयंका यांना घेतले. कानपूरच्या आयआयटीत आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले गोयंका त्याआधी चौदा वर्षे डेट्रॉइटला जनरल मोटर्सच्या संशोधन केंद्रात होते. महिंद्राने त्यांना कंपनीचे प्रमुखपद दिले नाही. ते नाशिकला संशोधन व विकास विभागाचे महाव्यवस्थापक म्हणून आले. त्यानंतर दोन वर्षांनी फोर्डबरोबर भागीदारी होऊन नाशिकला एस्कॉर्ट मोटार तयार होऊ लागली, आणि जागतिक कंपनीत एखादे मॉडेल कसे टप्प्याटप्प्याने सिद्ध होते हे महिंद्राच्या लोकांना जवळून पाहायला मिळाले. या दोन्ही गोष्टींचे फलित म्हणजे जून २००२मध्ये आलेली स्कॉर्पिओ. तिच्यावरचा खर्च ६०० कोटींच्या आसपास होता, जो त्या काळी परदेशी कंपन्या एका नव्या मॉडेलवर करत असलेल्या खर्चाच्या मानाने अगदी तुटपुंजा होता. तो आवाक्यात राहिला याचे कारण असे की सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना तयार आराखडे न देता, आपापल्या भागाची आखणी करण्याची जबाबदारीच सुरुवातीपासून त्यांच्याकडे सोपवली गेली. गोयंका पुढे वाहन विभागाचे प्रमुख आणि व्यवस्थापकीय संचालक झाले व २०२१मध्ये निवृत्त झाले. बाहेरून आलेला माणूस ज्ञान घेऊन आला, खालच्या पायरीवर थांबला आणि संस्थेबरोबर वर चढला.

याच्या शेजारी टाटा मोटर्सचा पुढचा काळ ठेवावा लागतो. २००८मध्ये २३० कोटी डॉलरना जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्यावर या पसाऱ्याला जागतिक अनुभवाचा कर्णधार हवा, असे कंपनीला वाटणे स्वाभाविक होते. फेब्रुवारी २०१०मध्ये जनरल मोटर्सच्या युरोप विभागाचे माजी प्रमुख कार्ल-पीटर फोर्स्टर आले आणि सप्टेंबर २०११मध्ये गेले. वर्षभर जागा मोकळी राहिली. ऑक्टोबर २०१२मध्ये, पूर्वी जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीचे प्रमुख असलेले कार्ल स्लिम आले. जानेवारी २०१४मध्ये बँकॉक येथे त्यांचे अकाली निधन झाले. त्यानंतर दोन वर्षे पुन्हा जागा रिकामी, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये डाइमलर व एअरबसचा अनुभव असलेले गुंटर बुचेक रुजू झाले. २०२१मध्ये त्यांच्या जागी मार्क लिस्टोसेला यांचे नाव जाहीर झाले, पण ते येणार नाहीत असे थोड्याच आठवड्यांत कंपनीला कळवावे लागले. अखेर व्यापारी आणि प्रवासी वाहनांचा कारभार गिरीश वाघ आणि शैलेश चंद्र या घरच्याच अधिकाऱ्यांकडे आला; त्यांपैकी वाघ हे २००५च्या ‘एस’ या छोट्या मालवाहू गाडीच्या प्रकल्पाचे सूत्रधार.

या येण्याजाण्यात एक गणित दडलेले आहे. नवी मोटार आखण्यापासून विकण्यापर्यंत साधारण चार-पाच वर्षे जातात आणि तिच्यावरचा विकासखर्च हिशेबात एकदम न दाखवता मालमत्ता म्हणून नोंदवून पुढील काही वर्षांत हप्त्याहप्त्याने वजा केला जातो, त्यामुळे प्रमुख दीड-दोन वर्षांत बदलत असेल तर एकाने मंजूर केलेली गाडी दुसऱ्याच्या कारकिर्दीत येते आणि तिचा खर्च तिसऱ्याच्या नफ्यातून जातो. स्लिम यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या झेस्ट आणि बोल्ट या गाड्यांचे अनावरण त्यांच्या निधनानंतर सुमारे आठवड्याभरात झाले. टियागो आली एप्रिल २०१६मध्ये, बुचेक रुजू झाल्यावर अवघ्या दोन महिन्यांनी. तिच्या घडणीचा बराच काळ सर्वोच्च पद रिकामे होते, आणि तरीही ती यशस्वी झाली. मग ती घडवली कोणी? २०१०पासून अभियांत्रिकीची धुरा सांभाळणारे टिम लेव्हर्टन आणि २००७पासून डिझाइन विभागात असलेले प्रताप बोस यांची दुसरी फळी त्या सगळ्या काळात जागेवर होती. बुचेक यांनी पाच वर्षे टिकून प्लॅटफॉर्म, म्हणजे अनेक मॉडेलांना समान असा गाडीचा तळ आणि यांत्रिक सांगाडा, यांची संख्या कमी करण्याचे शिस्तीचे काम केले, हे मान्य करूनही बाहेरच्या कर्णधारांच्या शोधात खर्ची पडलेल्या दशकाचा हिशेब फारसा जमेकडे झुकत नाही.

दुसऱ्या फळीचे मोल प्रतिस्पर्ध्यांनाही कळते. बोस यांनी २०२१च्या वसंतात टाटा सोडले आणि जूनमध्ये ते महिंद्राचे मुख्य डिझाइन अधिकारी झाले. पुढल्या वर्षी १५ ऑगस्टला महिंद्राने इंग्लंडमधील नव्या डिझाइन केंद्रातून पाच विद्युत गाड्यांच्या संकल्पना जगापुढे ठेवल्या. टाटांनी बोस यांची जागा आपल्याच केंद्रातील मार्टिन उहलारिक यांना दिली. अशा स्थलांतराला भारतात कायदा सहसा आडवा येत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ सांगते की कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो, त्यामुळे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये ही अट न्यायालयात सहसा टिकत नाही. मात्र नोकरीचा करार चालू असतानाच्या बंधनाची गोष्ट निराळी आहे, आणि त्याचा प्रमुख निवाडा महाराष्ट्रातीलच व तोही मोटारींशी दूरचे नाते असलेला आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायरच्या आत मजबुतीसाठी घातला जाणारा धागा परदेशी तंत्राने बनत असे; पाच वर्षांच्या करारावर प्रशिक्षित झालेला एक पर्यवेक्षक मुदतीआधीच अधिक पगारावर राजस्थानातील प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये ठरवले, की कराराच्या मुदतीपुरते असे बंधन वाजवी असेल तर ते पाळावे लागते. आज वरिष्ठांच्या नेमणुकांत सूचनाकाळ लांबवून त्या काळात पगारी घरी बसवण्याची जी प्रथा दिसते, तिचा कायदेशीर आधार इथे सापडतो : करार जिवंत ठेवायचा, म्हणजे बंधनही जिवंत राहते.

पाश्चात्त्य जगात हाच प्रश्न किती विकोपाला जाऊ शकतो हे लोपेझ प्रकरणाने दाखवले. जनरल मोटर्सचे खरेदीप्रमुख होसे इग्नासियो लोपेझ मार्च १९९३मध्ये काही सहकाऱ्यांसह फोक्सवागनमध्ये गेले आणि सोबत गोपनीय कागदपत्रे नेल्याचा आरोप झाला. लोपेझ यांनी १९९६मध्ये राजीनामा दिला आणि जानेवारी १९९७च्या तडजोडीत फोक्सवागनने १० कोटी डॉलर देण्याचे व १०० कोटी डॉलरचे सुटे भाग जनरल मोटर्सकडून घेण्याचे कबूल केले. तेथे वाद यंत्रांवरून नव्हता. तो मुख्यतः पुरवठादाराकडून कोणता भाग किती भावात मिळतो, या माहितीवरून होता.

पुन्हा महाराष्ट्राकडे वळले, तर नागपूर मोटारनिर्मितीच्या नकाशात प्रवासी मोटारींचे केंद्र म्हणून येत नाही. येथील हिंगणा औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. पण मोटार उद्योगातील एक महत्त्वाचा प्रयोग या शहरात झाला. २६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत ओला या टॅक्सीसेवा कंपनीने येथे विजेवर चालणाऱ्या टॅक्सी, रिक्षा आणि बस यांचा मिळून २०० वाहनांचा ताफा आणला. गुंतवणूक सुमारे ५० कोटींची होती आणि १०० मोटारी महिंद्राच्या ‘ईटूओ प्लस’ होत्या. या मोटारीमागेही माणसांच्या खरेदीचा इतिहास होता, कारण महिंद्राने २०१०मध्ये बंगळूरच्या रेवा कंपनीतला ५५.२ टक्के हिस्सा घेतला तेव्हा तिच्याबरोबर चेतन मैनी आणि विजेच्या गाडीवर वर्षानुवर्षे काम केलेला त्यांचा अभियंतावर्ग घरात आला होता. गाडी होती, ती समजणारी माणसे होती, सरकारी पाठबळही होते. उणीव होती ती चार्जिंगच्या जागांची. रांगेत उभे राहण्यात दिवसाची कमाई जाऊ लागली, तसे काही महिन्यांतच अनेक चालक पुन्हा डिझेलकडे वळू पाहू लागले. कारखान्याच्या आतली गुंतवणूक कितीही चोख असली तरी तिचे यश कारखान्याबाहेरच्या, दुसऱ्या कोणाच्या तरी गुंतवणुकीवर टांगलेले असू शकते, हे नागपूरच्या टॅक्सीचालकांनी महिंद्राच्या संचालकांआधी हिशेब मांडून पाहिले होते.

जानेवारी २०२०मध्ये टाटांनी नेक्सॉनची विद्युत आवृत्ती आणली ती भाड्याच्या टॅक्सीसाठी नव्हे, तर घरी रात्री गाडी चार्ज करू शकणाऱ्या कुटुंबासाठी, आणि टाटा पॉवरच्या चार्जिंग जाळ्याची जोड देऊन. अशी सांगड घालणे समूहातल्या माणसांना अधिक सोपे होते, हे उघड आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये टीपीजी आणि अबू धाबीच्या एडीक्यू या गुंतवणूकसंस्थांनी टाटांच्या विद्युत मोटार कंपनीत ७५०० कोटी घालण्याचे ठरवले. जुलै २०२२मध्ये ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंटने महिंद्राच्या तशाच कंपनीसाठी १९२५ कोटी जाहीर केले. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी महिंद्राने चाकणला बनणाऱ्या दोन नव्या विद्युत गाड्या सादर केल्या, तेव्हा या कामाच्या १६,००० कोटींच्या आराखड्यापैकी सुमारे ४५०० कोटी त्यांवर लागल्याचे सांगितले. तरीही बॅटरीतले सेल, म्हणजे वीज साठवणारे मूळ एकक, चीनच्या बीवायडीचे आहेत. मुळगावकरांना साच्यांबाबत पडलेला प्रश्न आता सेलबाबत पडला आहे, आणि टाटांची अगरतास ही कंपनी गुजरातेत साणंदला सेलचा कारखाना त्यासाठीच उभारत आहे. अकरा वर्षे थांबण्याची तयारी मात्र या वेळी कोणी दाखवलेली नाही.

नेमणुकांच्या बाजूलाही परदेशी नावाची ओढ आता ओसरते आहे. मारुती सुझुकीत दीर्घकाळ काढून २०१९मध्ये ह्युंदाईत आलेले तरुण गर्ग हे जानेवारी २०२६पासून त्या कंपनीच्या भारतीय शाखेचे पहिले भारतीय व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांच्या अखत्यारीत आलेला तळेगावचा कारखाना जनरल मोटर्सने २००८मध्ये सुरू केला होता. डिसेंबर २०२०मध्ये तेथील उत्पादन थांबले, चीनच्या ग्रेट वॉलचा खरेदीचा प्रयत्न फसला आणि शेवटी तो ह्युंदाईकडे गेला. या सर्व हस्तांतरात यंत्रे, जमीन आणि इमारती यांना गिऱ्हाईक मिळाले, वरिष्ठ अधिकाऱ्यांना दुसऱ्या कंपन्यांत जागा मिळाल्या. नोकरी गमावलेल्या हजाराहून अधिक कायम कामगारांना मात्र आपले म्हणणे कामगार न्यायालयांपुढे आणि आंदोलनांतून मांडावे लागले. प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याचे जे स्वातंत्र्य कलम २७ने सर्वांना सारखेच दिले आहे, त्याचा तळेगावच्या जोडणी साखळीवर उभ्या असलेल्या माणसाला उपयोग व्हायचा, तर आधी त्याला बोलावणारा प्रतिस्पर्धी लागतो.