नक्कल आणि छाटणी

मूळ दस्त तहसील कचेरीच्या अभिलेखागाराबाहेर जात नाही. मिळते ती नक्कल. पेशीचा व्यवहारही असाच आहे. डीएनए केंद्रकातच राहतो. हव्या त्या जनुकाची तेवढी आरएनएमध्ये नक्कल उतरवली जाते. तीत निरर्थक मजकूरही येतो. तो नेमका छाटून उरलेले तुकडे सांधल्यावरच संदेश केंद्रकाबाहेर पडतो आणि त्याबरहुकूम प्रथिन घडते. ही छाटणी शास्त्रज्ञांना उमगली ती १९७७ साली.

हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या नकलेतून असे दोन भाग छाटावे लागतात. पहिल्या भागाच्या आरंभापासून पाचवे अक्षर ‘जी’ऐवजी ‘सी’ असले, की कात्री बहुधा भलतीकडे चालते. भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वाधिक आढळणारे कारण हेच एक अक्षर होय.

ते एकाच पालकाकडून आले तर मूल वाहक ठरते. त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आले तर बहुतेकदा आयुष्यभर रक्त चढवावे लागते. पती-पत्नी दोघे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी हा धोका २५ टक्के असतो. आपल्या नांदेड-लातूरकडे मामाच्या मुलीशी सोयरीक होते. एकाच आजोबांचे सदोष अक्षर वधू-वर दोघांतही उतरलेले असू शकते. म्हणून सोयरीक ठरण्याआधी हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण दाखवणारी रक्ततपासणी करावी, असे आम्ही पालकांना आग्रहाने सांगतो. आणि ती एकट्या मुलीची नव्हे, मुलाचीही.