कडेपासून सुरुवात

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात ‘इमेज प्रोसेसिंग आणि कॉम्प्युटर व्हिजन’ हा विषय घेणाऱ्या मुलांना हल्ली एक प्रश्न हमखास पडतो. फोटो दिला की त्यातली गाय, रिक्षा, माणूस ओळखणारं मॉडेल चार ओळींच्या कोडमध्ये तयार मिळतं. मग १९६०च्या दशकातले फिल्टर वहीत आकडेमोड करून कशासाठी शिकायचे? प्रश्न रास्त आहे. तरीही ती जुनी पानं अभ्यासक्रमातून काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण त्या आकडेमोडीतच सापडतं.

संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात भरला. उभे १७६, आडवे १७६, असे एकूण ३०,९७६ ठिपके. आज फोनमधल्या फोटोत असे कोट्यवधी ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. पण तक्ता तो तक्ताच. साध्या कृष्णधवल चित्रात ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा आणि मधले आकडे करड्या छटांचे. त्यात ‘भिंत’ किंवा ‘आकाश’ असं कुठंही लिहिलेलं नसतं.

मग भिंत कुठं संपते आणि आकाश कुठं सुरू होतं, हे कसं ठरवायचं? स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत १९६८ साली अर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनी मांडलेली युक्ती आजही पहिल्या काही तासांतच शिकवतात. तीन बाय तीनची एक खिडकी घ्यायची. तिच्या डाव्या स्तंभात वरून खाली उणे १, उणे २, उणे १. मधल्या स्तंभात तिन्ही शून्यं. उजवीकडे १, २, १. ही खिडकी चित्रावर ठेवायची, खालच्या आकड्यांना त्या त्या आकड्यानं गुणायचं आणि बेरीज करायची. खिडकीखाली नुसतं आकाश असेल, म्हणजे सगळीकडे २००, तर बेरीज शून्य येते. डावीकडे अंधारी भिंत (१०) आणि उजवीकडे आकाश (२००) असेल, तर ८०० वजा ४०, म्हणजे ७६० येतात. जिथं मोठा आकडा येतो तिथं कड आहे. मग खिडकी एक घर पुढं सरकवायची आणि पुन्हा तेच. या सरकत्या गुणाकार-बेरजेला कन्व्होल्यूशन म्हणतात. हा शब्द पुढं लागणार आहे.

मधल्या ओळीला दुप्पट वजन का, हे विद्यार्थ्यानं स्वतः शोधावं असा प्रश्न आहे. एकाच ओळीतली वजाबाकी करून भागलं असतं, पण खऱ्या फोटोत खोटे ठिपके असतात. शेजारच्या ओळींचंही मत घेतलं, मात्र मधलीला मान अधिक दिला, तर एखाद्या चुकार पिक्सेलमुळं कडेचा भास होण्याची शक्यता कमी होते. खोट्या ठिपक्यांचा, म्हणजे गोंगाटाचा हा विचार सबंध विषयभर पिच्छा पुरवतो. समजा एका ओळीत ५२, ५०, २५५, ५१, ४९ असे आकडे आहेत. मधला ठिपका उघडच बिघडलेला. सरासरी काढली तर ९१.४ येते, म्हणजे बिघाड पुसला न जाता पसरतो. तेच आकडे चढत्या क्रमानं लावून मधला उचलला, तर ५१ मिळतो. एवढ्या पाच आकड्यांतून विद्यार्थ्याला कळतं, की चित्र ‘साफ’ करताना आपण त्याच्याविषयी काहीतरी गृहीत धरत असतो.

कडा सापडल्या म्हणजे वस्तू दिसली, असं मात्र नाही. एमआयटीत सेमूर पॅपर्ट यांनी जुलै १९६६मध्ये ‘समर व्हिजन प्रोजेक्ट’चं टिपण लिहिलं. त्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी मिळून पाहणाऱ्या यंत्रणेचा मोठा भाग उभारावा, अशी ती योजना होती. पण सावलीलाही कड असते, साडीच्या काठालाही असते, आणि नुसत्या आकड्यांवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्याहून खोल अडचण म्हणजे, फोटो काढला त्या क्षणीच वस्तूचं अंतर हरवतं. ते परत मिळवायला दोन कॅमेरे लावतात, किंवा चित्र कुठं किती धूसर झालंय यावरून अंतराचा माग काढतात. या दुसऱ्या वाटेवर आयआयटी मुंबईच्या प्रा. सुभाशीष चौधुरी यांनी ए. एन. राजगोपालन यांच्यासह १९९९मध्ये सबंध ग्रंथच लिहिला. एरवी दोष मानली जाणारी धूसरता तिथं माहिती होऊन बसते. मला या विषयातला हा सगळ्यात देखणा विचार वाटतो.

आता तयार मॉडेलांकडं येऊ. २०१२च्या इमेजनेट स्पर्धेत एक हजार प्रकारच्या वस्तू ओळखायच्या होत्या. टोरांटो विद्यापीठाच्या चमूचं अ‍ॅलेक्सनेट हे न्यूरल नेटवर्क पाच अंदाजांची मुभा असताना १५.३ टक्के वेळा चुकलं. दुसऱ्या क्रमांकाचा चमू २६.२ टक्के. त्यातही कन्व्होल्यूशनच होतं. फरक इतकाच, की खिडकीतले आकडे कुणी बसवून दिले नव्हते. सुमारे बारा लाख चित्रांवरच्या सरावातून ते नेटवर्कनंच ठरवले. शिकून झाल्यावर पहिल्या थरातले ९६ फिल्टर, म्हणजे अशा खिडक्या, उघडून पाहिले, तर काय दिसावं? आडव्या, उभ्या, तिरक्या कडा टिपणारे पट्टे आणि काही रंगांचे डाग. कडा शोधायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. ह्यूबेल आणि वीझल यांना १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांजराच्या मेंदूत विशिष्ट कलाच्या कडेला प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या होत्या, ज्या कामाला १९८१चं नोबेल मिळालं. म्हणजे उत्क्रांती, सोबेल आणि अ‍ॅलेक्सनेट तीन निराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले. वहीत ७६० काढलेल्या मुलाला हे ९६ फिल्टर वाचता येतात. बाकीच्यांना नुसती नक्षी दिसते.

मॉडेल चुकतं तेव्हा तर हे वाचन फारच लागतं. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, तर सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. त्या वेळच्या दोन प्रचलित चाचणी-संचांतले जवळपास ८० आणि ८६ टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते. एकूण अचूकतेच्या एकाच आकड्यात हे सगळं झाकलं जातं. प्रकाश किती होता, पिक्सेलचे आकडे कुठं गोळा झाले, कुणाचे चेहरे शिकवणीत होते, हे विचारायची सवय पहिल्या प्रकरणांतच लागते.

ज्यांच्या महाविद्यालयात हा विषय नाही, त्यांच्यासाठी आयआयटी खरगपूरच्या प्रा. प्रबीर कुमार बिस्वास यांची डिजिटल इमेज प्रोसेसिंगवरची व्याख्यानं एनपीटीईएलवर मोफत आहेत. कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. श्री नायर यांची व्याख्यानमालाही यूट्यूबवर आहे. तिची सुरुवात प्रतिमा मुळात तयार कशी होते, इथून होते. मग कडा, मग अंतर आणि आकार; न्यूरल नेटवर्क येतं ते शेवटच्या भागात.