घट बसले की दिवाळी लागली!

दिवाळीला अजून महिना आहे, आतापासून कसली घाई, असे घरात कुणीतरी म्हणतेच. बहुधा जो म्हणतो त्याला चकलीचा सोऱ्या कोणत्या फळीवर ठेवलाय हेदेखील ठाऊक नसते. वहिनी, तुम्हाला ते ठाऊक आहे. म्हणून हा लेख आधी तुमच्यासाठी आहे. पण तुमचे वाचून झाले की तो कारभाऱ्यांच्या हाती द्या, कारण त्यांच्यासाठीही यात काम सांगितले आहे.

शहरातल्या घरी दिवाळी येते ती बोनस आणि सुट्टी घेऊन. आपल्याकडे त्याच दिवसांत सोयाबीन खळ्यावर असते, कापसाची पहिली वेचणी निघालेली असते, शाळू नुकता पेरलेला असतो आणि हरभऱ्याच्या पेरणीची तयारी चाललेली असते. मजूर मिळेनासे होतात, म्हणून घरची बाईही रानात. दिवसभर रानात राबून आलेली तीच बाई रात्री दहाला कढई चढवते. वसुबारसेपर्यंत तिची कंबर धरलेली, हाताला दोन जागी पोळलेले, आणि भाऊबीजेला माहेरी जायचे तर घरात सगळा पसारा. दरसाल असे का होते, याचा जरा विचार करू या.

सण चालतो चंद्रावर आणि शेत चालते सूर्यावर, ही खरी अडचण आहे. आपली पेरणी-कापणी नक्षत्रावर. हस्त लागतो २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा १० ऑक्टोबरला, स्वाती २३-२४ ऑक्टोबरला. ह्या तारखा फारशा हलत नाहीत. दिवाळी मात्र तिथीवर. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ती दरसाल अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे चित्रा नक्षत्रात, मळणीच्या ऐन धांदलीत आले. त्यातून त्या साली सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि सोलापुरात कित्येकांचे सोयाबीन पाण्याखाली गेलेले. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, स्वाती सरल्यावर. त्या साली खळे आटोपलेले असेल, पण हरभऱ्याची पेरणी आणि कापसाची वेचणी गाठ पडणार.

तेव्हा ‘गेल्या वर्षी केले तसे’ म्हणून भागत नाही. पाडव्याला नवे कॅलेंडर हाती असतेच; त्यात दिवाळी कोणत्या नक्षत्रात पडते ते पाहावे आणि त्या आठवड्यात रानात काय असेल ते शेजारी पेन्सिलीने लिहावे. एक गोष्ट मात्र कधी बदलत नाही. घटस्थापना अश्विन शुद्ध प्रतिपदेची आणि लक्ष्मीपूजन अश्विनी अमावास्येचे. मधे बरोबर एक चांद्रमास. घट बसले की मोजायला लागावे, महिना हातात असतो.

ओले सोयाबीन बाजारात का जाते?

आधी पैशाचे बोलू, कारण आधी तयारी केल्याचा खरा फायदा तिथेच आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लातूरच्या काय किंवा तालुक्याच्या काय, बाजार समितीत गाड्यांची रांग लागते. त्यातला किती माल भाव बरा आहे म्हणून आलेला असतो? बराचसा येतो तो किराणा, कपडे आणि लेकीबाळींच्या ओवाळणीसाठी. मळणी होऊन दोन दिवस झालेले नसतात, दाण्यात ओल असते. हमीभावाच्या खरेदीला साधारणपणे १२ टक्के ओल धरतात. त्याच्या वर गेले की काट लावतात, आणि ती किती लावायची हे आपल्या हाती राहत नाही. हिशेब करून पाहा. १८ टक्के ओल असलेले एक क्विंटल सोयाबीन उन्हात १२ टक्क्यांवर आणले तर साधारण ९३ किलो भरते. म्हणजे पाणी गेले सात किलो. त्याहून जास्त काट लागली तर ती आपल्या खिशातून गेली. चार दिवस ताडपत्रीवर ऊन दिले असते तर वाचली असती. पण ते चार दिवस थांबायला घरात तेल आणि साखर असावी लागते!

म्हणून दिवाळीचा किराणा सोयाबीनच्या पैशावर ठेवू नये. आपल्या घरात अर्धे सामान पिकतेच. फाल्गुनात हरभरा निघतो तेव्हाच एक-दोन पायल्या डाळीसाठी बाजूला काढा, डाळ करून, कडक ऊन देऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत ठेवा. बेसन, शेव, भाजणी, सगळे त्यातून निघते. ज्यांच्याकडे करडई आहे त्यांनी घाण्यावरून तेल काढून आणताना एक डबा दिवाळीच्या नावाने वेगळा करावा, आणि तो नीट झाकून अंधारात ठेवावा. उजेडाने तेल खवट होते. भुईमूग तर दसऱ्याच्या आसपास नवा येतो. शेंगा मात्र खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा. ओल्या शेंगा पोत्यात भरल्या की बुरशी येते, आणि बुरशीचा दाणा अंगाला फार वाईट. तो गुरांनाही घालू नये, मग चिवड्यात कशाला?

उरते साखर, रवा, मैदा, खोबरे, खसखस. यासाठी दुधाच्या पगारातून किंवा अंड्यांच्या पैशातून दर आठवड्याला शंभर रुपये आखाडीपासून डब्यात टाकले तरी दिवाळीपर्यंत पंधरा-सोळाशे होतात. बचत गटातल्या दहा जणींनी मिळून कट्टा, डबा घाऊक आणला तर आणखी बरे. आणि तरीही नड लागली, तर माल विकायच्या आधी एक चौकशी करा. राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालत आली आहे. वाळलेला माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांच्या मुदतीने, सालीना ६ टक्के व्याजाने मिळते. सगळ्याच समित्या ती राबवतात असे नाही. आपली राबवते का, हे दिवाळीच्या आठवड्यात नव्हे, तर गणपतीत विचारून ठेवावे. हे काम कारभाऱ्यांचे.

पाटी कुणाच्या हाती?

घराची घडी म्हणजे काही मोठे शास्त्र नाही. कोणते काम कोणाचे, हे सांगावे न लागता ज्या घरात होते, त्या घराची घडी बसली म्हणायचे. आपल्याकडे सगळी कामे एकीच्याच डोक्यात असतात. दळण संपत आले, नळाला परवा पाणी येणार, धाकट्याची वही भरली, म्हशीचे वैरणपाणी राहिले. बाकीचे ‘सांग की, करतो’ म्हणतात. पण सांगायचेही कामच असते, हे कुणी ध्यानात घेत नाही.

केंद्र सरकारने २०२४ साली लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामाला बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८. आणि ही सरासरी जे असे काम करतात त्यांचीच आहे. जे करतच नाहीत ते यात धरलेले नाहीत! आता कारभारी, तुम्ही म्हणाल की आम्ही रानात राबतो. राबता, खरे आहे. पण रानात तीही असते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी पोरांची जुनी पाटी टांगा. रात्री जेवणे झाली की दहा मिनिटे सगळ्यांनी तिथेच बसायचे आणि उद्याची कामे त्यावर नावानिशी लिहायची. लिहिणारा रोज वेगळा. शाळेतल्या पोराने लिहिले तर त्याचे अक्षरही सुधारते. यात दोन पथ्ये पाळा. मोटारीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असेल त्या आठवड्यात पाणी धरणाऱ्या माणसाच्या नावावर सकाळचे काम टाकू नका. त्याची झोप आधीच मोडलेली असते. आणि पोरांची सहामाही परीक्षा दिवाळीच्या तोंडावरच येते, त्या दिवसांत त्यांच्याकडे फक्त अंथरुणे घालणे-काढणे एवढेच ठेवा. परीक्षा संपली की मग पणत्या भिजत घालणे, आकाशकंदील, अंगण, किल्ल्याची माती हे सगळे त्यांचे. पणत्या एक रात्र पाण्यात ठेवल्या म्हणजे तेल पीत नाहीत, हे त्यांना एकदा करून दाखवा, पुढच्या वर्षी सांगावे लागणार नाही.

म्हातारी माणसे बसल्या जागी पुष्कळ करतात, पण त्यांना आपणहून विचारावे लागते. खसखस निवडणे, सुपारी कातरणे, वाती वळणे ही कामे सासूबाईंची. तिखट-मीठ किती, हा शब्दही त्यांचाच राहू द्या. त्याने निम्मी भांडणे वाचतात.

झाडलोट पितृपंधरवड्यात उरका. त्या पंधरा दिवसांत नवी खरेदी लोक करीत नाहीत, पण माळा झाडायला आणि वाकळा धुवायला कुणाची हरकत असायचे कारण नाही. घट बसायच्या आधी घर स्वच्छ लागतेच, तेव्हा तीच साफसफाई दिवाळीची धरा आणि वसुबारसेला नुसता हात फिरवा. ओल्या वाकळा उचलणे हे पुरुषाचे काम, त्यांना पाण्याचे वजन किती असते ते ज्याने उचलले त्यालाच कळते. पोरांच्या कपड्याचे कापड शिंप्याकडे दसऱ्याआधी द्यावे, हे सांगायलाच नको.

आधी काय करावे, मागून काय

फराळाचे सगळे पदार्थ आधी करून ठेवायचे नसतात. पण त्यांचे निम्मे काम आधी होते.

अनारसा घ्या. हा तर लवकर सुरू केल्याशिवाय होतच नाही. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे. मग उपसून सावलीत कापडावर पसरायचा. पुरता वाळू द्यायचा नाही, हाताला ओलसर लागतो तोवरच कुटून बारीक चाळायचा. पिठाला जवळजवळ तेवढाच चिरलेला गूळ घालून मळायचे आणि डब्यात दाबून ठेवायचे. पाच-सहा दिवसांत पीठ तयार होते आणि महिनाभर राहते. म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे हे करून ठेवले की झाले. दिवाळीत रोज ताजे पाच-दहा थापायचे, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचे, उलटायचे नाहीत. तुपात हसले, म्हणजे पसरून विरघळले, तर पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळा.

चकलीची भाजणी कोजागिरीच्या सुमारास करावी. चार भाग तांदूळ, दोन भाग हरभऱ्याची डाळ, एक भाग उडदाची, अर्धा भाग मुगाची, आणि धने-जिरे आपल्या अंदाजाने. धान्य धुऊन, सावलीत वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद भाजा. एकत्र भाजले की तांदूळ कच्चा राहतो आणि डाळ करपते. पूर्ण गार झाल्यावरच दळायला न्या आणि गिरणीवाल्याला विचारा, आधीचे दळण कशाचे होते? मिरचीनंतरच्या पाळीला आपली भाजणी टाकली तर पोरे चकलीला हात लावणार नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात गिरणीत डबे ठेवून संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागते, त्यात लाईट गेली तर उद्यावर. आता गेलात तर बसल्या बैठकीला दळण मिळते.

करंजीचे सारण, म्हणजे भाजलेले सुके खोबरे आणि रवा, आठवडाभर आधी होते. पिठीसाखर मात्र भरायच्या वेळी मिसळा. पोह्यांना ऑक्टोबरचे ऊन एक दिवस दाखवा, चिवडा आपोआप कुरकुरीत होईल. शंकरपाळी दोन आठवडे सहज टिकते, तेव्हा पहिली कढई तिची. मग शेव, मग चकली. करंजी आणि लाडू शेवटच्या दोन दिवसांत. एका रात्री एकच पदार्थ, आणि तळणाला दोन माणसे: एक लाटायला-पाडायला, एक झाऱ्याशी. झारा धरायला जेवढी अक्कल लागते तेवढी पुरुषाजवळ असते, निदान पहिला घाणा करपेपर्यंत तसे धरून चालावे. तळलेले पुरते निवल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की सगळे मऊ पडते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे गणित निराळे आहे. बीडकडची कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, आणि कारखाना लवकर सुरू झाला तर दिवाळी फडावरच होते. त्यांनी भाजणी आणि अनारशाचे पीठ बांधून बरोबर न्यावे. कोपीवर तीन दगडांच्या चुलीवरही ते होते.

आता माहेरचे. भाऊबीजेला जायचे तर तुमच्या फराळाचा डबा पहिल्याच कढईपासून वेगळा भरत जा, उरले तर नेऊ असे ठेवू नका. पाडव्याला पाटीवर दोन दिवसांची नावे लिहून टाका: धार कोण काढणार, भाकरी कोण थापणार, सासूबाईंचे औषध कोण देणार. पोरगी दहा वर्षांची झाली म्हणून सगळे तिच्याच नावावर टाकू नका, पोरगाही दहा वर्षांचा होतो. आणि तुमची नणंद त्याच दिवशी माहेरी, म्हणजे तुमच्याच घरी येणार असेल, तर तिला आधी फोन करून ठरवा. ती बीजेला सकाळी येऊन ओवाळील, तुम्ही दुपारच्या गाडीने निघाल. दोघींनाही भाऊ आहेत.

तुळशीचे लग्न झाले की डबे घासून उन्हात पालथे घाला. त्या दिवशी कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवा: भाजणी किती लागली, तेल किती गेले, कोणता पदार्थ तसाच उरला, उधारी झाली असेल तर कितीची. ते पान फाडून भाजणीच्या डब्यात ठेवा.