नाडी, घड्याळ आणि चिठ्ठ्या

निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष हे पाच शब्द सातवीतली मुले परीक्षेत क्रमाने लिहून दाखवतात. पण गावात कुणाला ताप आला, दंडाला ताईत बांधला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, तर 'ताईत बांधला नसता तर काय झाले असते?' हा प्रश्न त्यांच्यापैकी किती जणांना पडतो? तो पडत नसेल, तर पाच शब्द पाठ होऊनही पद्धत हाती आली नाही असेच म्हणावे लागेल. ही पद्धत मुलांच्या हाती देण्यासाठी माणसाचे शरीर हे फार सोयीचे साधन आहे.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या डोंगरी शाळांचा विचार करू. प्रयोगशाळा नाही किंवा अपुरी आहे, ही अडचण अशा शाळांत नेहमीची. पण प्रत्येक मूल हृदय आणि फुप्फुसे बरोबर घेऊनच शाळेत येते. बाकी लागते ते सेकंदकाटा असलेले एक घड्याळ, वही आणि पडवीची पायरी. शिवाय या भागात एक प्रश्न आयताच तयार आहे. वर्गातली काही मुले वाडीवरून चढ-उतार तुडवत पायी येतात, काही एसटीने येतात. रोज चालणाऱ्यांचे हृदय दमल्यानंतर लवकर पूर्ववत होते का?

आधी मोजायला शिकू

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटे ठेवून नाडी पाहावी. अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्यातही ठोका जाणवतो आणि स्वतःचीच नाडी मोजली जाते. स्वस्थ बसलेल्या या वयाच्या मुलांचे ठोके मिनिटाला साधारण ७० ते १०० असतात. एकाच मुलाची नाडी तिघांना मोजायला सांगा. आकडे जुळणार नाहीत. इथे 'बरोबर कोणाचे?' असे विचारण्याऐवजी 'फरक का पडला?' असे विचारावे. १५ सेकंद मोजून चारने गुणले, तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. म्हणून विश्रांतीची नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी. श्रमानंतर मात्र नाडी झपाट्याने उतरते. तिथे मिनिटभर मोजत बसलो, तर चढलेली आणि उतरलेली नाडी एकत्र मोजली जाईल. तिथे १५ सेकंदच बरे. कोणते माप केव्हा वापरायचे, हे मुलांनी स्वतः वाद घालून ठरवले तर ते पक्के होते.

मोजण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण विल्यम हार्वीचे आहे. यकृतात अन्नापासून सतत नवे रक्त तयार होते आणि ते अवयवांत खर्च होऊन जाते, हे गेलेनचे मत सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानले गेले होते. हार्वीने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधा गुणाकार मांडला. आजच्या आकड्यांनी तो मुलांकडून करवून घ्यावा. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर आणि तासाला सुमारे ३०० लिटर. एवढे रक्त तासाभरात कोणत्या भाकरीतून तयार होणार? तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. सातवीच्या मुलाला हा युक्तिवाद पूर्ण समजतो.

मग तुलना

आता पायरीचा प्रयोग. सर्वांसाठी एकच पायरी, टाळीच्या ठेक्यावर मिनिटाला २४ वेळा चढ-उतार, तीन मिनिटे. थांबल्याबरोबर १५ सेकंद आणि एक मिनिटाने पुन्हा १५ सेकंद नाडी मोजावी. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या आणि त्या दिवशी बरे नसलेल्या मुलांना मोजणीचे काम द्यावे. फळ्यावर नावांऐवजी क्रमांक लिहावेत, म्हणजे कोणाची चेष्टा होणार नाही.

समजा, पायी येणाऱ्यांची नाडी लवकर उतरली. मुले लगेच म्हणतील, "चालण्यामुळे!" इथे शिक्षकांनी थांबवावे. पायी येणारी मुले आणखी कशात वेगळी आहेत? ती वयाने मोठी असतील, शेतात काम करत असतील, त्यांचे खाणेपिणे वेगळे असेल. दोन गटांत एकाच वेळी चार फरक असतील, तर श्रेय कोणत्या फरकाला द्यायचे?

सारखेपणा जपून केलेल्या तुलनेचे मोल दाखवणारे काम पुणे जिल्ह्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांची पाहणी केली. बाळांचे वजन, लांबी, दंडाचा घेर, कातडीच्या घडीची जाडी अशी मापे घेतली आणि इंग्लंडमधील साउदम्प्टन इथल्या बाळांच्या मापांशी ताडून पाहिली. इकडच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिकडच्यांचे ३.५ किलो. पण इतर मापांत आपली बाळे जितकी मागे होती, तितकी ती पाठीवरच्या कातडीखालच्या चरबीत मागे नव्हती. नुसता वजनकाटा पाहून हे कळले नसते. भारतीयांमधल्या मधुमेहाच्या विचाराला या निरीक्षणाने नवी दिशा दिली.

शेवटी चिठ्ठ्या

आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. चालण्याचा किंवा चढण्याचाच परिणाम पाहायचा, तर गट आपण पाडावे लागतील, आणि तेही चिठ्ठ्या टाकून. ज्यांना 'चढा' अशी चिठ्ठी येईल त्यांनी सहा आठवडे रोज दहा मिनिटे पायरी चढावी, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे वागावे. आधी आणि नंतर दोन्ही गटांची नाडी मोजावी. मोजायला दुसऱ्या वर्गाची मुले बसवावीत आणि कोण कोणत्या गटातले हे त्यांना सांगू नये. चिठ्ठ्यांमुळे थोराड, काटक, पायी येणारी, एसटीने येणारी अशी मुले दोन्ही गटांत साधारण सारखी विखुरतात. शेवटी दुसऱ्या गटालाही पायरीची संधी द्यावी. फरक आढळला नाही, तर तेही तसेच लिहावे. वर्ग लहान असेल तर फरक असूनही तो दिसणार नाही, यावरही बोलावे.

चिठ्ठ्यांसारख्याच यदृच्छेने पाडलेल्या गटांनी क्षयरोग्यांच्या उपचाराची दिशा बदलली आहे. पूर्वी क्षयाचा रोगी आरोग्यधामात ठेवलाच पाहिजे असा समज होता. गरिबाला ते कसे परवडावे? १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. तिथे काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना घरीच तीच औषधे देण्यात आली. कोण कुठे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नव्हते. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचा आहार निकृष्ट असूनही घरी औषध घेणारे जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि घरातल्यांना लागण होण्याचा धोका त्यामुळे वाढला नव्हता. आज वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवरचा रोगी घरी राहून क्षयाच्या गोळ्या घेतो, त्यामागे ही तुलना आहे.

पायरीचा प्रयोग संपल्यावर मुलांसमोर ताईताची गोष्ट ठेवावी. शक्तिवर्धक पावडरची जाहिरात ठेवावी. कोणाचीही टिंगल न करता फक्त तीन प्रश्न विचारायला सांगावे: किती जणांवर पाहिले? कशाशी तुलना केली? गट कोणी आणि कसे पाडले? ताप पुष्कळदा आपोआपही उतरतो. पण तो उतरेल म्हणून ताईत बांधून थांबायचे, की आरोग्यकेंद्र गाठायचे, हा निर्णय याच मुलांना आणखी काही वर्षांनी आपल्या घरात घ्यावा लागणार आहे.