पाकिटापेक्षा पातेले बरे: पाड्यावरच्या घरच्या जेवणाविषयी



मंडळ्यांकडून आम्हांला दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो: "पाड्यांवरच्या मुलांसाठी काही खाऊ पाठवायचा आहे, काय पाठवू?" या प्रश्नामागचे प्रेम आम्ही ओळखतो. पण पेट्या उघडल्यावर आत बहुधा बिस्किटांचे पुडे, नूडल्सची पाकिटे, चॉकलेटे आणि एखाद्या शक्तिवर्धक पावडरीचा डबा निघतो. मुले आनंदाने खातात, हे खरे. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते आणि उरलेल्यात बहुतेक मैदा व पामतेल. दीड वर्षाच्या मुलाने सकाळी चार बिस्किटे कोऱ्या चहात बुडवून खाल्ली की त्याचे पोट भरते, रडणे थांबते, आणि दुपारच्या भाकरीकडे ते बघत नाही. आई शेतात असते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. दहा रुपयांत मूल शांत करणारी वस्तू बाजारात टांगलेली असेल तर आपणही तीच घेतली असती.

मग त्याच मुलाला घरात, आहे त्या चुलीवर, आहे त्या धान्यातून काय देता येईल? आमच्या गटांत बायांबरोबर आम्ही जे करतो आणि बोलतो, ते आपणांस ठाऊक असावे म्हणून हा लेख.

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा आणि धुळे जिल्ह्यात शिरपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. तिथे पावरा, बारेला, भिल्ल, तडवी लोक राहतात. पश्चिमेकडे साक्री तालुक्यात कोकणा, मावची आणि भिल्ल. या लोकांना खायचे कसे हे शिकवायला आपण निघालो आहोत असे कृपा करून समजू नका. ज्वारी, मका, नागली, भगर, बर्टी, मोर, उडीद, कुळीथ, चवळी, अंबाडी, शेवगा हे सारे त्यांच्याच बांधावरचे आणि त्यांच्याच म्हाताऱ्यांच्या हातचे आहे. मधल्या काळात पांढरे सोने म्हणून कापूस आला आणि ज्या शेतात पूर्वी ज्वारीच्या ओळींमध्ये उडीद-मूग असायचा तिथे नुसता कापूस राहिला. कापूस विकून डाळ घ्यायची, असा हिशेब झाला. कापसाचा पैसा मात्र दुकानदाराच्या उधारीत जातो आणि डाळ घ्यायची राहून जाते.

रेशनचे धान्य मोठा आधार आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफतही आहे. या धान्यात गहू आणि तांदूळ असतो, डाळ त्यात धरलेली नाही. म्हणून पुष्कळ घरी ताटात भात असतो आणि भातावर मिरचीचे पाणी. पोट भरलेले, तरी मुलाचे दंड काडीसारखे. या गोष्टीचा उलगडा आधी होणे आवश्यक आहे.

शरीर बांधायला प्रथिने लागतात. १०० ग्रॅम उडीद डाळीत ती सुमारे २४ ग्रॅम असतात, ज्वारीत १० च्या आसपास. पण नुसत्या आकड्याने भागत नाही. प्रथिने अनेक लहान घटकांची बनलेली असतात. त्यांतला एक घटक ज्वारी-तांदळात कमी असतो आणि तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी, तो धान्यात असतो. दोन्ही एकाच दिवसाच्या जेवणात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. खानदेशातली कळण्याची भाकरी हेच करते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून भाकरी थापायची, वर कच्चे तेल आणि ठेचा. कोणा आहारतज्ज्ञाला न विचारता आपल्या आज्यांनी हे जुळवले होते. घरात डाळ थोडीच असेल तर वेगळी आमटी करण्यापेक्षा पाच वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद दळणात टाकावा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला तो जातो. वेगळ्या आमटीतली घट्ट डाळ पुरुषांच्या ताटात आणि वरचे पाणी सुनेच्या ताटात, असे होत नाही. (हे मी मंडळीतल्या बांधवांसाठीही लिहितो आहे.)

आता भांडी. पाड्यावरच्या स्वयंपाकघरात बहुधा तीन दगडांची किंवा मातीची चूल, तवा, दोन-तीन जर्मनची पातेली, पाटा-वरवंटा आणि एक विळा असतो. यांत पूर्ण जेवण होते. अडचण येते सरपणाची आणि धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हा धूर सर्वांत जास्त कोण घेते? चुलीपाशी बसलेली बाई, आणि तिच्या मांडीवरचे मूल.

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, तिची शेगडी बऱ्याच घरांत पोहोचली आहे. तरी १४.२ किलोच्या टाकीचे पैसे एकदम भरणे मजुरीवरच्या घराला जड जाते. म्हणून टाकी पाहुण्यांच्या चहासाठी जपून ठेवलेली दिसते आणि रोजचे रांधणे चुलीवरच होते. इथे प्रेशर कुकर उपयोगी पडतो, आणि तो का, हे बायांना सांगितले की त्या लगेच पकडतात. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. खाली कितीही जाळ केला तरी ते त्याहून गरम होत नाही, जास्तीची लाकडे नुसती वाफ होऊन जातात. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि आतले पाणी १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे नको असलेली वाफ बाहेर जाणे. पहिली शिट्टी झाली की जाळ कमी करायचा, चुलीतली दोन लाकडे मागे ओढायची. मोठ्या जाळावर आठ शिट्ट्या मोजत बसणे हा सरपणाचा अपव्यय आहे.

कुकर नसेल तरी दोन गोष्टी कोणालाही करता येतात. अख्खे उडीद, कुळीथ, चवळी रात्रभर भिजत घालायची, सालाची फुटकी डाळ दोन तास. भिजलेली डाळ निम्म्याच्या आसपास वेळात शिजते. आणि पातेल्यावर झाकण ठेवायचे. पुष्कळ घरी झाकणच नसते, हे शहरातल्या वाचकांना पटणार नाही.

तिसरी गोष्ट जरा गमतीची आहे. मोठी टोपली घ्यायची, तिला आतून गोणपाट लावायचे आणि भोवती सुका चारा किंवा भुसा दाबून भरायचा. डाळ-तांदळाचे पातेले चुलीवर दहा मिनिटे खळखळून उकळायचे, झाकण लावायचे, टोपलीत ठेवून वरून जाड गोधडी घालायची. दीड तासाने खिचडी शिजलेली असते, लाकूड न जाळता. ती गरम असतानाच खावी, दिवसभर तशीच ठेवू नये. पहिल्यांदा हे दाखवले की बाया हसतात. झाकण उघडले की मग हसत नाहीत.

आमच्या गटांत सर्वांत आवडती ठरलेली उडदाची डाळ अशी: सालाची उडीद डाळ दोन वाट्या, कोमट पाण्यात भिजवलेली. चार वाट्या पाणी, मीठ, हळद घालून कुकरला मंद जाळावर तीन-चार शिट्ट्या. तोपर्यंत पाट्यावर सात-आठ लसूण पाकळ्या, हिरवी मिरची, जिरे आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे वाटायचे. चमचाभर तेलात हे वाटण परतायचे आणि घोटलेली डाळ त्यात ओतायची. उतरवण्याआधी चिरलेला तांदळजा किंवा शेवग्याचा पाला दोन मुठी. झाकण ठेवून चारच मिनिटे. पाला जास्त शिजवला की त्यातले जीवनसत्त्व जाते, आणि पाला शिजवलेले पाणी फेकले तर जाते ते वेगळेच. लहान मुलासाठी मिरची घालण्याआधी वाटीभर डाळ बाजूला काढावी. ताटात लिंबाची फोड असावी, कारण पालेभाजीतले लोह आंबटाबरोबर अंगी लागते. चहाने नेमके उलटे होते. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, हे सांगणे सोपे आहे. न्याहारी म्हणजेच कोरा चहा आणि भाकरी असलेल्या घरात ते पाळणे कठीण, त्याला आम्हीही अजून पुरते उत्तर देऊ शकलेलो नाही.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूध पुरे, पाणीही नको. त्यानंतर दूध चालू ठेवून घट्ट अन्न सुरू करायचे. इथे नागलीसारखे धान्य नाही. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात १० च्या आसपास. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची व चाळायची. मोड आणण्याचे कारण आहे. साध्या पिठाची पेज लगेच घट्ट होते, म्हणून आई पाणी वाढवते, आणि बाळाच्या इवल्या पोटात अर्धे पाणीच जाते. मोडांमुळे पिठातला स्टार्च काही प्रमाणात मोडतो, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालूनही पेज गिळण्याजोगी राहते. पेज चमच्यावर टिकली पाहिजे, घळकन ओघळू नये. तीत चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे. बाजारातल्या डब्याला लागणाऱ्या पैशांत अशी नागली कित्येक आठवडे पुरते.

एक गोष्ट पेट्या पाठवणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. लोहाची टॉनिके आणि गोळ्या कृपया पाठवू नका. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. या मुलांचा फिकेपणा रक्तपेशी लवकर मोडल्यामुळे असतो, तो दर वेळी लोहाच्या कमतरतेने असतो असे नाही. आधी रक्ततपासणी, मग डॉक्टर सांगतील ते औषध. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आहे, तपासणीसाठी आम्ही लोकांना सरकारी दवाखान्यातच नेतो. त्या मुलांना ताजे जेवण आणि भरपूर पाणी, एवढे घर नक्की देऊ शकते.

पाठवायचेच असेल तर झाकणाची पातेली, तीन किंवा पाच लिटरचे कुकर, उडीद-मूग डाळ, आयोडीनचे मीठ आणि ते ठेवायला घट्ट झाकणाच्या बरण्या पाठवा. एखाद्या मंडळीने शेवग्याच्या रोपांचे पैसे दिले तर फारच उत्तम. शेवगा वर्षाच्या आत पाला देऊ लागतो.

स्वयंपाक हे हलके काम आहे, बायकांचे आहे, असे आपल्याही मंडळ्यांत मानतात. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू समुद्रकाठी विस्तव पेटवून शिष्यांसाठी मासळी आणि भाकर तयार ठेवतो. रात्रभर राबून रिकाम्या हाताने आलेल्या माणसांना त्याने आधी जेवू घातले आणि पेत्राशी बोलणे त्यानंतर केले. पाड्यावरच्या बैठकीत हा भाग वाचला की काही पुरुष चुलीकडे सरकतात. सगळे नाही.

दिवाळी झाली की यांतली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. तिथे झोपडीपुढे तीन दगड मांडून बाई पहाटेच्या अंधारात रांधते आणि उजाडायच्या आत फडात जाते. पोषणाची सर्वांत जास्त घसरण या महिन्यांत होते, कारण अंगणवाडी मागे गावी राहते आणि परसातला पालाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये आम्ही गटांत सोबत न्यायचे गाठोडे बांधून घेतो: मोडाच्या नागलीचे पीठ डब्यात, वाळवलेली अंबाडी, भाजलेले शेंगदाणे, दोन किलो डाळ, मिठाची बरणी आणि लहान कुकर. पीठ दोन महिन्यांहून जास्त नेऊ नये, वास येतो. चुलीवर ठेवण्याआधी कुकरच्या बुडाला ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा, म्हणजे काजळी धुताना हात मोडत नाहीत. दांडा जाळाच्या बाहेर राहील अशी दगडांची मांडणी करावी, नाहीतर तो आठवड्यात जळतो. शिट्टीचे भोक रोज फुंकून पाहावे. आणि त्याच मापाची दोन रबरे फडक्यात गुंडाळून कुकरच्या आत टाकावीत. रबर गेले की कुकरचे नुसते पातेले होते, आणि उसाच्या फडापासून दुकान लांब असते.