नेव्हाडाच्या वाळवंटात, सप्टेंबरअखेरीस

सिएरा नेव्हाडाच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पॅसिफिकवरून येणारे ढग डोंगराच्या अलीकडेच मोकळे होतात आणि पलीकडे माण-खटावसारखी तहानलेली जमीन उरते. फक्त इथली खोरीच पाच-सहा हजार फुटांवर. इथले ओढे समुद्राला मिळत नाहीत, खोऱ्यातच जिरतात. नेव्हाडा-युटाच्या सीमेजवळचं ग्रेट बेसिन नॅशनल पार्क १९८६ साली याच मुलखात झालं. लास वेगासहून गाडीने पाचेक तास लागतात. वाटेतल्या मोठ्या गावात टाकी पूर्ण भरून घ्यावी. पुढे मैलोन् मैल सेजब्रशच्या राखाडी झुडपांखेरीज काही नाही.

जायचं ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. बेकर गावावरून पार्कात शिरलं की एकोणीस किलोमीटरचा घाट दहा हजार फुटांवर नेतो. खाली पिन्यन पाइन. त्याच्या बिया आपल्याकडच्या चिलगोज्याच्या कुळातल्या, आणि इथले शोशोनी लोक त्या शरदातच गोळा करत आले आहेत. वर अ‍ॅस्पेनची बनं पिवळीजर्द झालेली असतात. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून जराशा झुळकेनेही सगळं झाड सळसळतं.

मात्र बहुतेक लोक इथूनच फोटो काढून परततात, त्याचं मला फार वाईट वाटतं. घाटमाथ्यावरून दीड-दोन तास चाललात, तर ३,९८२ मीटर उंचीच्या व्हीलर शिखराखाली ब्रिसलकोन पाइन भेटतात. दगडगोट्यांत उभी, पिळवटलेली, बरीचशी साल गेलेली झाडं. एखाद्या खोडावर सालीची वीतभर पट्टी उरलेली असते आणि तेवढ्या आधारावर वरची एक फांदी हिरवी असते. सुया पाच-पाचच्या जुडग्यात. एकेक सुई तीस-चाळीस वर्षंही टिकते. वाढ इतकी संथ की लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं होतं, त्याला कीड लागत नाही. १९६४ साली डोनाल्ड करी या संशोधक विद्यार्थ्याने वनखात्याच्या परवानगीने इथलं एक झाड तोडलं आणि वलयं मोजली : ४,८४४. प्रॉमिथियस नावाचं ते झाड तेव्हा जगातलं सर्वांत जुनं ज्ञात झाड होतं. ती परवानगी द्यायला नको होती, असं त्या राईत उभं राहिल्यावर फार तीव्रतेने वाटतं.

इथे दम लवकर लागतो. पहिल्या दिवशी खालची लेहमन गुहा पाहावी, दुसऱ्या दिवशी सकाळी वर जावं. गुहेत रेंजरबरोबरच जाता येतं, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवा. आत बारा महिने दहाएक अंश तापमान असतं; स्वेटर लागतोच. रात्री बाहेरही लागेल, कारण घाटमाथ्यावर या दिवसांत बर्फसुद्धा पडू शकतो.

तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. भाद्रपदातली अमावस्या बहुधा याच सुमारास येते, आणि काळोख्या आकाशासाठी या पार्काला २०१६ पासून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे.